तळाशी राखलेला तिसरा हिस्सा

१२ फेब्रुवारी २०२४, सोमवार

तिसरी टाकीही वाया! किल टेस्टचा आकडा तेवीस.

मनस्विनीनं आकडा बघितला. चष्मा काढला, ओढणीला पुसला, परत लावला, परत बघितलं. तेवीसच. शेंद्र्याच्या आमच्या कंपनीत तिच्याइतकं शिकलेलं कुणी नाही, आणि आज तिच्याइतकं एकटंही कुणी दिसत नव्हतं. सर्जेराव टाकीला टेकून उभे. म्हणाले, "मॅडम, वीस वर्षं बियरच्या टाक्या सांभाळल्या मी. बियर एवढी रुसत नाय."

कुणी हसलं नाही. मी थोडी हसले.

गंमत अशी, की माझ्या फ्लास्कमधल्या पेशींचा आकडा आजच एक्क्याऐंशी आला. तीच स्टेम सेलची कुपी, तेच मीडियाचं पाणी, तेच पस्तीस दिवस. फ्लास्कमध्ये वाढलेल्या मारक पेशी शंभरातल्या एक्क्याऐंशी कॅन्सर पेशी मारतात. टाकीत वाढलेल्या तेवीस. टाकीत त्या वाढतात भरपूर, दिसतात कशा गुबगुबीत! पण मारायची वेळ आली की पाहुण्यासारख्या बसून राहतात.

एका फ्लास्कमधून दोन डोस निघतात. टाकीतून शंभर निघतील. यादीत अकरा पेशंट आहेत, आणि माझे हात दोनच. टाकी जमली नाही तर जूनमध्ये कंपनी इथून गाशा गुंडाळणार, असं मनस्विनी कालच बोलून गेली.

का जमत नाही? हा 'का' बसमध्ये घरापर्यंत सोबत आला. साठाव्या वर्षी डोक्यात असा एखादा 'का' शिरला की बरं वाटतं. चोरून लिहिते — फार बरं वाटतं!

१५ फेब्रुवारी, गुरुवार

नवव्या दिवशी पाणी. सकाळी साडेसहाला फोन दोनदा वाजला आणि थांबला. दमयंती. उचलायचा नसतो.

तिची गल्ली शहागंजच्या टाकीजवळ, आमची पार शेवटाला. तिच्या नळाला आलं की वीस मिनिटांनी माझ्या. तेवढ्यात पिंप धुऊन होतं, बादल्या ओळीनं मांडून होतात. ही पद्धत काढली तिच्या मृण्मयीनं, अकरावीत असताना. पोरीचे कान इतके तिखट, की नळ घुरघुरायच्या आधी तिला कळायचं. "मावशी, दोन रिंगा म्हणजे पाणी. तीन म्हणजे गढूळ पाणी!" आता दोन वर्षं झाली, रिंग दमयंती देते. मृण्मयी घरी कमी, हॉस्पिटलात जास्त. एकोणतीस वर्षांची मुलगी. रक्ताचा कॅन्सर, बरा होऊन परत उलटलेला.

दमयंती आणि मी छावणीतल्या कॉन्व्हेंटच्या. ती पेशकारांच्या घरातली, मी मिलिंद कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या शिपायाची मुलगी. सिस्टर रोझलिननी वर्गाला उंचीप्रमाणं बसवलं, म्हणून एका बाकावर आलो. ती तेव्हाही माझ्याहून बोटभर उंच होती आणि अजूनही ते ऐकवते.

२१ फेब्रुवारी, बुधवार

मनस्विनीनं आज विचारलं, "ताई, तुमच्या हातात नेमकं आहे तरी काय?"

काय असणार! घाटी हॉस्पिटलच्या रक्तपेढीत तीस वर्षं काढलेले हात आहेत. पण प्रश्न आवडला. म्हणून मी काय करते ते इथं लिहून बघते.

स्टेम सेल म्हणजे अजून काहीच न ठरलेली पेशी. बालवाडीतलं पोर. तिला सांगायचं, तू रक्ताची हो. मग सांगायचं, रक्तातली मारणारी हो. हे सांगणं सगळं मीडियातून. गुलाबी पाणी, त्यात तिचं खाणं आणि तिच्यासाठी निरोप. दर तिसऱ्या दिवशी मीडिया बदलायचा. फ्लास्क तिरका करून पेशी तळाशी बसू द्यायच्या. घाई केली की उसळतात, मग परत वाट बघा. वरचा जुना मीडिया नळीनं ओढून घ्यायचा, नवा भरायचा. कामाच्या कागदात, म्हणजे एसओपीत, लिहिलंय — जुना पूर्ण काढावा. आता पूर्ण म्हणजे अगदी पूर्ण काही माझ्या हातून निघत नाही. तिसरा हिस्सा तळाशी राहू देते.

बहात्तरच्या दुष्काळात मी तिसरीत होते. शाळा सुटताना सिस्टर रोझलिन फाटकात उभ्या असायच्या, शेजारी रांजण. बाटलीत उरलेलं पाणी प्रत्येकीनं त्यात ओतायचं, मगच बाहेर पाऊल. त्या पाण्यावर शाळेची कडुनिंबाची रांग जगली. अजून उभी आहे. तेव्हापासून कुठलंही भांडं पार रिकामं करायचं म्हटलं की माझं मनगट अडतं. कागदावर 'पूर्ण बदलला' लिहिते आणि सही करते. तेवढ्यानं काय बिघडतंय! उलट मनस्विनी म्हणते, "ताईंना मीडिया पुरतो कसा कोण जाणे!"

तर हातात हे एवढंच. बाकी काही सापडलं नाही.

३ मार्च, रविवार

दमयंतीकडे गेले होते. वैजनाथरावांनी दार उघडलं, आणि माणसाचा चेहराच वेगळा! मृण्मयीला एका चाचणीत घेतलंय. नवीन उपचार, दुसऱ्याच्या पेशी देणार. सहावा नंबर.

दमयंती म्हणाली, "शेंद्र्याला बनतं म्हणे. सुलू, तुझी कंपनी तर नव्हे?"

मी म्हटलं, "असेल बाई. मला कोण सांगतंय!"

पेशंटची नावं आम्हाला कळायची नसतात. कळली तर ऑफिसात सांगायचं असतं. सांगायला हवं. उद्या बघू.

११ मार्च, सोमवार

चौथी टाकी भरली. या वेळी आतला पंखा बदललाय. मनस्विनीला वाटतं, पंख्याची पाती पेशींना लागतात आणि त्या बिथरतात. मागच्या वेळी तिला बुडबुड्यांचा संशय होता, त्याच्या मागच्या वेळी प्राणवायूचा. मी खिडकीच्या काचेला नाक लावून बघत बसले. टाकीला नाकातोंडातून नळ्या. एका नळीतून जुना मीडिया सारखा बाहेर, दुसरीतून नवा सारखा आत. सगळं आपोआप, कागदाबरहुकूम. माणसाचा हातच नाही कुठं.

सर्जेराव म्हणाले, "मॅडम, हिला पण जरा तुमच्यावानी इंग्लिशमधी बोलून बघू का? कॉन्व्हेंटचं असंल तर ऐकंल."

"बोला की!"

त्यांनी खरंच टाकीवर थाप मारली आणि म्हणाले, "प्लीज, मॅडम."

मनस्विनी या महिन्यात पहिल्यांदा हसली.

२६ मार्च, मंगळवार

दमयंती जिन्यात पडली. पाण्याचा हंडा घेऊन चढत होती. मनगट मोडलं. मृण्मयीजवळ रात्रंदिवस कुणीतरी बाई माणूस हवं. अकरा दिवसांची रजा टाकली. कारण 'घरगुती' लिहिलं. फ्लास्क सर्जेराव बघतील. त्यांना सगळं दाखवलं, एसओपी वाचून दाखवली. त्यांनी अंगठ्यानं एकेक ओळ धरून वाचली. फार नीट माणूस.

२८ मार्च, गुरुवार

आज बघितलं!

छोटी पिशवी. तळहाताएवढी. गढूळसर, लिंबूपाण्यासारखी. नर्सनं ती उंच टांगली आणि नळीतून थेंब मृण्मयीच्या छातीतल्या वाटेनं आत जायला लागले. लेबलवर बॅचचा नंबर. जानेवारीतली माझी बॅच. तो नंबर मी स्वतः चाळीस वेळा लिहिलाय.

वर्षभर ज्यांना भिंगातून बघितलं, ज्यांना सुट्टीच्या दिवशी जाऊन खायला घातलं, त्या पेशी माझ्यादेखत निघाल्या कामाला. मी खुर्ची पुढं ओढून बघत राहिले. मृण्मयीचं डोकं तुळतुळीत, भुवया नाहीत, पण डोळे तेच चौकस.

"मावशी, आत गेल्यावर यांना कसं कळतं कुणाला मारायचं ते?"

मी सांगितलं. प्रत्येक पेशीच्या दारावर 'मी घरचीच' अशी पाटी असते. कॅन्सरची पेशी लपायच्या नादात ती पाटीच उतरवून ठेवते. आणि या नेमक्या पाटी नसलेल्या दारावर जातात.

"म्हणजे लपायला गेली आणि सापडली!" ती म्हणाली. "मस्त."

मग झोपली. पिशवी संपायला पाऊण तास लागला. मी शेवटच्या थेंबापर्यंत हलले नाही.

दुसरा डोस वीस मेला. तोही फ्रीजरमध्ये तयार आहे. माझ्याच सहीचा.

१४ एप्रिल, रविवार

जयंती. भडकल गेटला जाऊन आले. बाबांचा पांढरा शर्ट आठवला. आजच्या दिवशी इस्त्री स्वतः करायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत.

१६ एप्रिल, मंगळवार

चौथी टाकी सव्वीस.

आणि फ्लास्कची बॅच, जी माझ्या रजेत सर्जेरावांनी सांभाळली — एकोणचाळीस! फ्लास्कमध्ये आजवर कधी ऐंशीच्या खाली गेलो नव्हतो. मॅनेजरसाहेब काचेच्या दारातूनच ओरडले, "बियरवाल्याला पेशंटच्या पेशीला हात लावू कुणी दिला?" सगळ्यांनी ऐकलं. सर्जेरावांनी टोपी काढली, घडी केली, खिशात घातली.

१७ एप्रिल, बुधवार

रेकॉर्ड तीनदा वाचलं. त्यांनी सगळं कागदाप्रमाणं केलंय. वेळ, तापमान, एकही खाडाखोड नाही. प्रत्येक वेळी 'पूर्ण बदलला'.

त्यांनी लिहिलंय ते खरं असणार.

१९ एप्रिल, शुक्रवार

दोन दिवस डोक्यात एकच. सर्जेरावांनी केलं आणि मी करत नाही, असं काय आहे? त्यांनी पूर्ण काढला. टाकीही पूर्ण काढते. मी काढत नाही. पुढचं लिहायला हात धजत नाही. पण बघायला तर पाहिजे!

मनस्विनीला म्हटलं, त्या फसलेल्या बॅचच्या, माझ्या रजेआधीच्या, विसाव्या दिवसाच्या थोड्या पेशी राखून ठेवल्यात, टाकूनच द्यायच्यात ना, मला द्या.

"काय करायचंय, ताई?"

"बघायचंय काहीतरी."

तिनं चिठ्ठीवर सही केली. दोन लहान फ्लास्क लावले. एकावर लाल चिकटपट्टी, एकावर निळी. लालमध्ये मीडिया पूर्ण बदलायचा. निळ्यात तिसरा हिस्सा राखायचा. बाकी सगळं सारखं.

लाल फ्लास्क पार निथळताना मनगट अडलं. जोर करून वाकवलं.

२५ एप्रिल, गुरुवार

अजून काही फरक दिसत नाही. दोन्हीकडे गोल, चकचकीत. रोज दोनदा भिंगाखाली बघते. शाळेत भिजवलेल्या कापसावर मूग लावायचो आणि मधल्या सुट्टीत दहा वेळा जाऊन बघायचो, तशी गत.

पाणी नवव्या दिवशी. दोन रिंगा. दमयंतीचं मनगट प्लास्टरात, पण रिंग चुकली नाही. मृण्मयीच्या वाईट पेशी निम्म्यानं घटल्यात, असं वैजनाथराव सांगत होते. 

३० एप्रिल, मंगळवार

सर्जेरावांना पाण्याच्या प्लांटवर टाकलंय. फिल्टर धुवायला. दुपारी डबा घेऊन माझ्याजवळ बसले. डबा उघडला नाही.

"मॅडम, एक विचारू? माझ्या हातालाच काय असंल का?"

"काहीतरीच काय!"

"नाय, आता बघा. टाकी गेली ती बी माझ्याच हातानं, फ्लास्क गेले ते बी. घरी नात झालीय सव्वा महिन्याची. लेक म्हणती, बाबा घ्या की. मला उचलू वाटंना."

मी त्यांच्या डब्याचं झाकण काढलं, माझ्या डब्यातली मेथीची भाजी त्यात वाढली. 

४ मे, शनिवार

लाल — सदतीस. निळा — ब्याऐंशी.

ब्याऐंशी! मी स्वतः दोनदा मोजलं. तिथल्या तिथं उडी मारावीशी वाटली. एवढा सुंदर प्रकार! त्या पेशी मीडिया नुसता खात नाहीत, त्यात काहीतरी सोडतातही. एकमेकींसाठी. ज्या मोठ्या झाल्या त्या मागच्यांना सांगत असणार — असं व्हायचं, असं मारायचं. आपण ते सांगणं दर तिसऱ्या दिवशी पार उपसून फेकत होतो. माझ्या फ्लास्कमध्ये ते तळाशी राहत होतं. टाकीत नाही. पंखा नाही, बुडबुडे नाहीत, सर्जेरावांचा हात नाही!

मग खाली बसले. कारण पुढचं लगेच कळलं.

चौदा महिन्यांच्या प्रत्येक रेकॉर्डवर माझी सही आहे, 'पूर्ण बदलला'. खोटी. रक्तपेढीत तीस वर्षं मी पोरींना दरडावलं, जे केलं तेच लिही, जे लिहिलं तेच कर. हे सांगितलं तर कागद आणि काम जुळत नाही म्हणून फ्रीजरमधला एकेक डोस अडवून ठेवतील. अडवायलाच पाहिजे.

त्यातला एक वीस मेचा आहे.

६ मे, सोमवार

लिहूनच विचार करते.

गप्प बसले तर मृण्मयीला वीसला डोस मिळेल. एकवीसला सांगते. दोनच आठवडे!

पण परवा पाचवी टाकी भरणार. ती जुन्याच कागदाप्रमाणं चालली तर पस्तीस दिवस मातीत. जूनमध्ये साहेब लोक येऊन बघणार, आकडा पंचवीस, आणि कुलूप. यादीतले ते अकरा. त्यांच्या आयांना मी ओळखत नाही, एवढाच फरक. आणि सर्जेराव नातीला उचलत नाहीत.

आणि खरं कारण आणखी एक आहे. तो डोस मी चांगला म्हणते. कशावरून? माझ्या सहीवरून. माझ्या सहीवर आता माझाच विश्वास नाही.

दमयंती परवा म्हणाली, "वीस तारखेकडे डोळे लावून बसलेय गं."

७ मे, मंगळवार

सांगितलं.

मनस्विनीच्या टेबलावर लाल-निळे आकडे ठेवले आणि उभ्यानंच सांगितलं. ती आधी खुर्चीतून उठली, "ताई! ताई, हे — चार टाक्या मी पंखा बघत बसले!" हसत होती, डोळ्यांत पाणी. मग हळूहळू बसली.

"किती बॅच?"

"सगळ्या."

"सगळ्या म्हणजे?"

"चौदा महिने. पहिल्यापासून."

 मी तिला मृण्मयीचंही सांगितलं. सहावा नंबर, माझ्या मैत्रिणीची मुलगी, डोसच्या वेळी मी तिथं होते. मग तिनं कोरा कागद पुढं सरकवला. "तुमच्या हातानं लिहा. तारीख, वेळ. एक शब्द कमी नको आणि जास्त नको." आवाज कोरडा. थोड्या वेळानं म्हणाली, "तुम्ही उद्या टाकी भरल्यावर सांगितलं असतं ना ताई, तर हे सगळं संपलं होतं. आणि चौदा महिन्यांपूर्वी सांगितलं असतं, तर टाकी कधीच चालली असती. काय म्हणू मी तुम्हाला?"

पेशी वाढवायच्या खोलीचं, कल्चर रूमचं, कार्ड काढून दिलं. फ्रीजरला पिवळी फीत लागली. सर्जेरावांना परत टाकीवर बोलावलंय. माझी चौकशी होईपर्यंत मी घरी.

गेटपर्यंत सर्जेराव सोबत आले. म्हणाले, "एवढं पोटात ठेवून माझ्या डब्यात भाजी वाढत होता व्हय!" रागात होते की कसं, कळलं नाही. मग बस सुटेपर्यंत उन्हात उभे राहिले.

९ मे, गुरुवार

दमयंतीचा फोन. खरा, लांब वाजणारा.

"सुलू, वीसचा डोस थांबवला! कुणी बाई आहे म्हणे, खोट्या सह्या करत होती. वर्षभर! डॉक्टर सांगत होते, सगळं परत तपासणार, मग समिती बसणार. महिना, दीड महिना. हिच्याकडे आहे का दीड महिना? कोण बाई असेल गं? तिच्या घरी नसेल का कुणी?"

मी म्हटलं, "उद्या येते."

१० मे, शुक्रवार

गेले. आज अक्षय्य तृतीया आहे हे तिच्या दारातला मातीचा घट बघून कळलं. तिनं एका हातानं चहा केला. मी अर्धा प्याले आणि म्हटलं, "ती बाई मी आहे, दमे."

तिला कळेना. "कोण बाई?"

सगळं सांगितलं. तिसरा हिस्सा, रांजण, सिस्टर रोझलिन, सह्या. ती ऐकत गेली.

"शाळेत मला एका उत्तराची कॉपी करू दिली नाहीस तू. एका! आणि तू खोट्या सह्या करतेस?"

"हो."

"बरं. केल्यास." ती अगदी हळू बोलत होती. "मग वीस तारखेनंतर का नाही सांगितलंस? तुला माहीत होतं ना तो कुणाचा आहे? तेरा दिवस, सुलू. चौदा महिने थांबलीस. तेरा दिवस थांबता आलं नाही?"

याला उत्तर होतं माझ्याकडे. अकरा जणांचं, टाकीचं, सर्जेरावांचं. पण त्या स्वयंपाकघरात ते तोंडातून बाहेर येईना.

तिनं माझा कप उचलला आणि उरलेला अर्धा चहा मोरीत ओतून दिला. नळाला सात दिवस पाणी नाही. तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा तुळशीला घालते ती.

वैजनाथराव जिन्यापर्यंत आले. "सावकाश उतरा," एवढंच म्हणाले.

१८ मे, शनिवार

पाणी येऊन गेलं. मला कळलं तेव्हा पिंपाच्या तळाशी बोटभर. फोन हातातच होता. वाजला नाही.

२० मे, सोमवार

वीस तारीख.

२८ मे, मंगळवार

टँकरच्या रांगेत दीड तास. नवी मोठी पाइपलाइन येणार म्हणून सगळे रस्ते उकरलेत. खड्ड्यात उतरून पोरं पायपात शिरतात आणि आवाज देतात. माणूस शिरेल एवढा पाइप! शहर कुठल्या कुठं चाललंय, आणि आम्ही अजून बादली घेऊन.

सर्जेरावांचा फोन आला. रोज येतो, काम नसताना. "मॅडम, विसावा दिवस. तिसरा हिस्सा राखून चाललंय बघा. नवीन नळी मीच बसवली, अर्ध्यावर ओढती, तळाला जात नाय. पेशी बारीक झाल्यात, टोकदार. तुमच्या फ्लास्कात दिसायच्या तशाच."

फोनवरून मला काय दिसणार! तरी डोळे मिटून बघितलं.

"आणि नात?"

"हाय की मांडीवर. ऐका." आणि ती खरंच कुरकुरली.

३ जून, सोमवार

मृण्मयीला ताप. आयसीयूत. वैजनाथरावांनी मेसेज केला, दोन ओळींचा. मी कपडे बदलून दारापर्यंत गेले आणि परत आत आले. कुठल्या तोंडानं जाऊ?

हे माझ्यामुळं. कुणी काही म्हणो, हे एवढं माझ्या नावावर.

१२ जून, बुधवार

पाचवी टाकी — चौऱ्याऐंशी!

मनस्विनीनं स्वतः फोन केला. मागं आरडाओरडा चाललेला, सर्जेराव कुणाला तरी "प्लीज, मॅडम!" म्हणत होते. शंभर नाही, एकशे सहा डोस. अजून तपासण्या, परवानग्या, महिने जातील. पण जूनमध्ये कुलूप नाही. नव्या एसओपीत ओळ आलीय, 'जुना मीडिया एक तृतीयांश राखावा.' "कारणाच्या रकान्यात तुमचा प्रयोग लिहिलाय, ताई. नावासकट. आणि चौकशीचा निकालही लागला. कल्चर रूममध्ये तुम्हाला परत घेता येणार नाही."

"नकोच," मी म्हटलं. "फ्रीजरमधल्यांचं काय?"

"प्रत्येक बॅचचा राखीव नमुना तपासलाय. सगळे ऐंशीच्या वर. उद्या समिती बसतेय."

जेवण गेलं नाही. आनंदानं की कशानं, सांगता येत नाही.

२१ जून, शुक्रवार

समितीनं फ्रीजरची फीत काढली. सहाव्या नंबरला आज डोस दिला. एक महिना आणि एक दिवस उशिरा. मला हे सर्जेरावांकडून कळलं. त्यांनी गाडीत ठेवताना पेटी स्वतःच्या हातानं उचलली म्हणाले.

आपल्या हातानं!

५ जुलै, शुक्रवार

काही कळलं नाही. विचारलं नाही. पाण्याला रोज पहाटेपासून कान लावून बसते, तरी दोनदा चुकलं. शेजारच्या भागूबाईंनी एक हंडा दिला.

१९ जुलै, शुक्रवार

दुपारी भात टाकला होता. फोन दोनदा वाजला आणि थांबला. धावत जाऊन नाव बघितलं. दमयंती नव्हे.

मृण्मयी.

ती घरी आहे. तिला नळ ऐकू आला. पिंप धुवायला घेतेय, बाकी नंतर लिहीन —